'उर्वरित' आणि 'प्रादेशिक' : दोन संज्ञांची फेरतपासणी

भारतीय संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदातील दुसऱ्या खंडात महाराष्ट्राचे तीन भाग कल्पिलेले आहेत : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. पहिल्या दोन नावांना इतिहास आहे. त्यांच्यामागे वेगळ्या राजवटींची स्मृती आहे, अस्मिता आहे आणि १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासनेही आहेत. तिसरे नाव वजाबाकीतून निघालेले आहे. या एका विशेषणाखाली मुंबई आणि पुणे येतात, कोल्हापूरचा ऊस आणि नाशिकची द्राक्षे येतात, आणि तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला तळोदा तालुकाही येतो. या तीन भागांसाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मधल्या सव्वीस वर्षांत या विषयावर बरेच लिहिले गेले. मात्र मुंबई आणि तळोदा एकाच विशेषणात कसे मावतात, हा प्रश्न भाषेच्या अंगाने कोणी विचारल्याचे दिसत नाही.

'उर्वरित'च्या जोडीला दुसरी संज्ञा आली ती 'अनुशेष'. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये आपला अहवाल दिला आणि हा शब्द मराठी सार्वजनिक व्यवहारात रुजला. समितीची रीत सरळ होती. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, वीज अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा त्या सरासरीच्या किती खाली आहे ते पाहायचे आणि ती तूट भरून काढण्यास किती खर्च येईल ते मांडायचे. असा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून काहीसा अधिक निघाला आणि त्यातला सुमारे ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्याचा होता. 'उर्वरित' आणि 'अनुशेष' हे दोन्ही शब्द मुळात 'शिल्लक राहिलेले' याच अर्थाचे आहेत. एक भूभागाला लावला गेला, दुसरा त्या भूभागाला न मिळालेल्या गोष्टींना. तळोद्याच्या वाट्याला हे दोन्ही शब्द एकदमच आले.

हा विषय अर्थशास्त्राचा आहे, वाङ्मयीन नियतकालिकात त्याचे काय काम, असा आक्षेप येऊ शकतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, मराठी समीक्षेतील 'प्रादेशिक' ही संज्ञा आणि प्रशासनातील 'प्रदेश' ही संकल्पना यांच्यात समजले जाते त्याहून अधिक जवळचे नाते आहे. दोन्ही ठिकाणी प्रदेश हा आतून एकजिनसी मानला जातो. प्रशासन त्याची तूट मोजते आणि समीक्षा त्याचा रंग मोजते, एवढाच फरक. तूट आणि रंग ही दोन्ही मापे सरासरीची आहेत, आणि सरासरीच्या आत कोण कोणाच्या शेतात राबतो हे त्या दोहोंतूनही कळत नाही.

मराठीत 'प्रादेशिक कादंबरी' ही वर्गवारी प्रामुख्याने १९५० च्या आसपास स्थिर झाली. श्री. ना. पेंडसे यांच्या 'एल्गार', 'हद्दपार', 'गारंबीचा बापू' या कादंबऱ्या, गो. नी. दांडेकरांची 'पडघवली', व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', पुढे उद्धव शेळके यांची 'धग' ही त्या वर्गवारीची नेहमीची उदाहरणे. या कृतींचे मोल येथे वादाचा विषय नाही. प्रश्न त्यांच्या वाचनाचा आहे. हर्णैजवळचा खेडूत, माणदेशातला मेंढपाळ, वऱ्हाडातली कौतिक यांच्यावरचे लेखन 'प्रादेशिक' ठरते आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतले वा मुंबईच्या दादरमधले कथानक मात्र 'प्रादेशिक' ठरत नाही. ते कौटुंबिक असते, सामाजिक असते, मनोविश्लेषणात्मक असते. त्याला प्रदेश नसतो. इंग्रजी कादंबरीच्या संदर्भात रेमंड विल्यम्स यांनी नेमके या विषम वाटपाकडे लक्ष वेधले होते. लंडनमध्ये घडणारी कादंबरी इंग्लंडविषयी असते, परिघावर घडणारी त्या परिघाविषयी. प्रदेश आणि वर्ग हे दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, हे त्यांचे पुढचे प्रतिपादन आपल्याकडे तितकेसे पोहोचलेले नाही.

'धग'चेच पाहावे. कौतिकच्या संसाराची जी होरपळ तीत आहे, ती वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातल्या हातावर पोट असलेल्या कुटुंबाची आहे. म्हणजे ते दारिद्र्य तेथील बोलीइतकेच प्रादेशिक आहे. परंतु समीक्षेने 'प्रादेशिक' म्हणून कौतुक केले ते वऱ्हाडी बोलीचे; दारिद्र्य 'मानवी' म्हणून, 'वैश्विक' म्हणून उचलून वेगळे ठेवले. बोली प्रदेशाची आणि दुःख माणसाचे, अशी ही वाटणी आहे. ती वरवर उदार वाटते. तिच्यामुळे दुःखाला असलेला भूगोल मात्र पुसला जातो, आणि उरलेला भूगोल सजावटीपुरता राहतो.

या संज्ञा तळोद्यासारख्या ठिकाणी लावून पाहिल्या म्हणजे त्यांचा ताण लक्षात येतो. (मराठ्यांच्या इतिहासात हे गाव येते ते मल्हारराव होळकरांचे आजोळ म्हणून. बारगळांच्या घरी ते वाढले आणि पुढे इंदूरला गेले. तळोद्याचा उल्लेख असा बहुधा जाणाऱ्यांच्या निमित्ताने होतो.) तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग तापीकाठच्या काळ्या जमिनीचा. ऊस, केळी, पपई, कापूस ही तेथील पिके. उत्तरेकडे जमीन चढत जाते आणि सातपुडा सुरू होतो. बागायतीच्या मालकीपासून मजुराच्या झोपडीपर्यंतचे अंतर काही कोसांचे आहे. १९९८ च्या १ जुलैपर्यंत हा तालुका धुळे जिल्ह्यात होता. म्हणजे दांडेकर समितीच्या हिशोबात तळोदा आणि अक्राणी यांची गणती धुळे शहर, शिरपूर, शहादा यांच्यासोबत एकाच सरासरीत झाली. उपलब्ध आकडेवारी जिल्हावार होती, तेव्हा समितीला याहून वेगळे करणे अवघडच होते, हे मान्य करावे लागेल. पण परिणाम असा झाला की डोंगरातली तूट सपाटीवरच्या सुबत्तेने अंशतः भरून निघाली, आणि तीही केवळ कागदावर. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर चित्र उघडे पडले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते; साक्षरता राज्यात ८२ टक्के असताना येथे ६४ टक्के होती. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात हा जिल्हा सर्वांत तळाशी आला. वर्षानुवर्षे तीच माणसे तेथेच होती. हिशोबाची चौकट बदलली तेव्हा ती दिसू लागली.

वाङ्मयाच्या हिशोबातही अशीच एक चौकट आहे. 'खानदेशचे साहित्य' म्हटले की बहिणाबाई चौधरी आठवतात, साने गुरुजींचे अंमळनेर आठवते, भालचंद्र नेमाडे यांचे सांगवी आठवते, धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले 'कविता-रति' आठवते. राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. ही परंपरा अभिमानास्पद आहे यात शंका नाही, आणि खानदेशाला वाङ्मयीनदृष्ट्या मागास म्हणणाऱ्यांना ती पुरेसे उत्तर आहे. परंतु या यादीतली बहुतेक नावे पूर्व खानदेशातील वा धुळे शहरातील आहेत, आणि तिचा सामाजिक आधार प्रामुख्याने शेतकरी व शिक्षक वर्गाचा आहे. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर आपल्या मातीतले साहित्य अभ्यासक्रमात यावे, ही मागणी न्याय्य होती आणि ती बऱ्याच अंशी मान्यही झाली. पुण्याच्या अभ्यासमंडळाच्या ऐवजी जळगावचे अभ्यासमंडळ आले. पण तळोद्याच्या वर्गात बसलेल्या देहवाली वा पावरी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने यात नेमके किती बदलले, हे कोणी विचारले नाही. त्याला पूर्वी प्रमाण मराठी शिकावी लागत असे. आता प्रमाण मराठी आणि तिच्या जोडीला 'आपली बोली' म्हणून अहिराणी किंवा लेवा बोलीचे सौंदर्य शिकावे लागते. तो ज्या भाषेत घरी बोलतो ती 'आपली' या शब्दाच्या बाहेरच राहते.

भाषेच्या वर्गवारीचा इतिहास याहून बोलका आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत मराठीचा खंड सातवा, १९०५ चा. खानदेशी मात्र त्या खंडात नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली बोलींच्या सोबत, १९०७ मध्ये आली. खानदेशी ही मराठीची बोली होय, हे सिद्ध करण्यात आपल्या अभ्यासकांनी पुढे बरीच शक्ती खर्च केली. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेतही खानदेशीची नोंद मराठीहून वेगळीच आहे, एवढे नमूद करणे पुरे. लक्षणीय गोष्ट ही की ग्रिअर्सन यांच्या पाहणीने ज्या दोघींना शेजारी बसवले, त्यांतील एकीने आपले आसन मराठीकडे सरकवण्याचा आग्रह धरला आणि दुसरीविषयी मौन पाळले. त्याच जनगणनेत भिली व भिलोडी बोलणाऱ्यांची संख्या देशभरात एक कोटीहून अधिक नोंदली गेली. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही आणि मराठी भाषिक अस्मितेच्या चर्चेतही नाही.

१९६० च्या राज्यनिर्मितीच्या वेळी पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे गेली. आजच्या तापी जिल्ह्यातील निझर तालुका पूर्वीच्या पश्चिम खानदेशातला. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व येथे अडखळले, कारण येथील भाषा दोहोंपैकी कोणतीच नव्हती. याहा मोगी या देवतेचे एक स्थान अक्कलकुवा तालुक्यातील डाब येथे आहे आणि मोठी यात्रा सीमेपलीकडे देवमोगऱ्याला भरते. जिची श्रद्धेय भूमी दोन राज्यांत विभागली आहे अशा समाजाचे मौखिक वाङ्मय 'महाराष्ट्राच्या प्रादेशिक साहित्या'त कोणत्या निकषाने बसवायचे? आपण ते बसवतो ते प्रशासकीय नकाशाच्या निकषाने, आणि ही निवड वाङ्मयीन आहे असे समजतो.

या टप्प्यावर देशीवादाचा विचार अपरिहार्य ठरतो. 'टीकास्वयंवर' (१९९०) मधील आणि नंतरच्या लेखनातून नेमाडे यांनी मराठी समीक्षेला पाश्चात्त्य प्रमाणकांच्या दडपणातून सोडवण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे ऋण आमच्या पिढीवर मोठे आहे. मुंबई-पुण्याच्या अभिरुचीला प्रश्न विचारण्याचे बळ मुफसल महाविद्यालयांतील अनेकांना त्यातूनच मिळाले. तथापि देशीयतेची संकल्पना ज्या ठिकाणी प्रखर आहे, त्या ठिकाणापासून खाली उतरताना ती मंद होत जाते. बाहेरच्या आणि आतल्याचा भेद ती तीक्ष्णपणे करते. आतल्यांमधील उतरंडीला मात्र ती बहुविधता म्हणून, समृद्धी म्हणून सामावून घेते. मालक, सालदार आणि डोंगरातून मजुरीला उतरणारा हे तिघेही देशीच आहेत. त्यांपैकी कोणाची देशी कोणाच्या देशीवर उभी आहे, हे सांगणारे उपकरण तीत नाही. सांगवीच्या उत्तरेलाही सातपुडाच आहे आणि तळोद्याच्या उत्तरेलाही तोच. मात्र तळोद्याकडून तो क्षितिज म्हणून दिसत नाही. सकाळी कामाला येणारी माणसे तेथून येतात.

अंतोनिओ ग्राम्शी यांनी १९२६ मध्ये, अटकेपूर्वी, इटलीच्या दक्षिणेच्या प्रश्नावर जो अपुरा निबंध लिहिला, तो या संदर्भात अद्याप उपयुक्त आहे. उत्तर इटली औद्योगिक, दक्षिण इटली शेतीप्रधान आणि दरिद्री. उत्तरेत असा समज पसरवला गेला की दक्षिणेचे लोक स्वभावतःच आळशी, आणि देशाच्या पायातली बेडी तेच. ग्राम्शी या समजाचा समाचार घेतात, पण तेथे थांबत नाहीत. दक्षिणेतला विखुरलेला शेतकरी, त्याच्यावरचा मध्यम बुद्धिजीवी आणि सर्वांत वर मोठा जमीनदार व थोर विचारवंत, अशी रचना ते उलगडून दाखवतात. गावचा वकील, कारकून, धर्मगुरू हा शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो, त्याचे कागद लिहितो आणि त्याला जमीनदाराशी बांधूनही ठेवतो. क्रोचेसारख्या थोर विचारवंताने दक्षिणेतल्या तरुण बुद्धिमंतांना युरोपीय संस्कृतीशी जोडले आणि त्याच प्रक्रियेत शेतकऱ्यांपासून तोडले, हे त्यांचे निरीक्षण आपल्याकडील तालुका महाविद्यालयांतील मराठी विभागांनी एकदा शांतपणे वाचावे असे आहे. प्रदेशाच्या वतीने राजधानीशी भांडणारा बुद्धिजीवी हा प्रदेशातील खालच्या थराचा प्रतिनिधी असतोच असे नाही. पुष्कळदा त्याच्या भांडणामुळेच खालचा आवाज वर जायचा थांबतो, कारण 'आमच्या भागाचे' म्हणणे आधीच मांडले गेलेले असते.

शहादा-तळोदा परिसरात १९७० नंतर जे घडले ते या दृष्टीने वाङ्मयेतिहासाचाही भाग मानले पाहिजे. अंबरसिंग महाराजांचे कार्य, १९७१ मधील पाटीलवाडीच्या घटनेनंतर पेटलेला असंतोष, १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना, हस्तांतरित जमिनींचा आणि सालदारांच्या मजुरीचा लढा हा इतिहास सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांनी नोंदवला आहे. कुमार शिराळकर यांचे 'उठ वेड्या, तोड बेड्या' हे पुस्तक त्यातलेच. या लढ्याचे वैशिष्ट्य असे की त्यातला संघर्ष प्रदेश विरुद्ध राजधानी असा नव्हताच. तो प्रदेशाच्या आतला होता. तापीकाठच्या सुपीक पट्ट्यात सहकार आला, पुढे साखर कारखाना आला, 'मागास भागाचा विकास' या नावाखाली जे काही आले ते बहुतांशी याच पट्ट्यात थांबले. अनुशेष भरून निघण्याचा हाही एक प्रकार आहे.

या संघटनेतूनच वाहरू सोनवणे यांची कविता आली. भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या या कवीचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा; १९९० मध्ये पालघर येथील आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची 'स्टेज' ही कविता सर्वांना ठाऊक आहे. तिची चर्चा मात्र ठरावीक वळणाने होते : आदिवासी अनुभव, विद्रोह, उपेक्षा. मला ती कविता प्रतिनिधित्वाविषयीची एक सैद्धांतिक मांडणी वाटते. ज्यांच्या नावाने व्यासपीठ उभारले आहे त्यांनी खाली बसून आपलेच दुःख दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे, ही जी स्थिती ती कविता दाखवते, तीत वक्ता परप्रांतीय असण्याची गरज नाही. तो याच जिल्ह्यातला, याच मातीतला, 'आपला' असू शकतो. ग्राम्शी यांनी निबंधातून जे सांगितले ते या कवितेत एका सभेच्या मांडणीतून येते. 'प्रादेशिक' या संज्ञेची चिकित्सा करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने विल्यम्स यांच्याआधी ही कविता वाचली तरी चालेल. आजवरच्या समीक्षेने तिला कागदोपत्री पुराव्याचे मोल दिले, विचाराचे दिले नाही.

नर्मदेचे प्रकरण त्यानंतरचे. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याच्या वनक्षेत्रातील ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली आणि रोझवा, सोमावल अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. त्या जंगलजमिनीवर आधीपासून वहिवाट असलेल्या भूमिहीनांचा प्रश्न त्यातून निर्माण झाला. लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार धरणाच्या विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. 'महाराष्ट्राचा' हा शब्द येथे कोणासाठी वापरला आहे? वीज राज्याला, बुडीत डोंगराला, आणि बुडालेल्यांसाठी जागा करून देण्याचे काम पायथ्याच्या भूमिहीनाला, अशी ही विभागणी आहे. विस्थापित आणि वहिवाटदार दोघेही आदिवासी, दोघेही 'उर्वरित', आणि एकाच जमिनीसाठी समोरासमोर. प्रादेशिक असमतोलाच्या कोणत्याही कोष्टकात या दोघांसाठी वेगळे रकाने नाहीत.

मराठी कादंबरीत हे जवळजवळ आलेले नाही. आले ते अर्जांत, निवेदनांत, पत्रकांत, कार्यकर्त्यांच्या नोंदींत आणि १९९० च्या दशकात नर्मदाकाठी सुरू झालेल्या जीवनशाळांच्या पाठांत. हे लेखन वाङ्मय म्हणून वाचायचे की नाही, हा प्रश्न आपण टाळत आलो. माझ्या मते ते वाचले पाहिजे. भूतदयेपोटी नव्हे, तर त्यात निवेदनाचे असे प्रश्न आहेत जे आपल्या प्रादेशिक कादंबरीने सोडवलेले नाहीत. प्रादेशिक कादंबरीचे निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, हा संकेत आपण इतका स्वीकारला आहे की त्यातली उतरंड जाणवतही नाही. तळोद्याच्या परिसरात या रचनेला तिसरा मजला असतो. निवेदक मराठीत, जमीनमालक अहिराणीत वा गुजरीत, आणि शेतातला माणूस बहुधा गप्प. त्याचे गप्प राहणे समीक्षक 'सूचकता' म्हणून वाखाणतो. लेखकाला ती भाषा येत नव्हती, हे साधे कारण असण्याची शक्यता अधिक. अर्जाची भाषा कृत्रिम असते, कचेरीची असते. परंतु तिच्यात बोलणारा 'मी' किंवा 'आम्ही' तो माणूस स्वतः असतो, आणि लिहिणारा दुसराच असतो. या दोहोंमधील अंतर हा निवेदनमीमांसेचा विषय आहे.

'अमुक जिल्ह्यातील साहित्य : एक अभ्यास' या साच्याचे प्रबंध विद्यापीठांत विपुल होतात. त्यांत प्रकरण पहिले भूगोलाचे असते. नद्या, पिके, पर्जन्यमान, बोली, सणवार. दुसऱ्या प्रकरणापासून लेखक सुरू होतात आणि त्या भूगोलाचा पुढे संबंध येत नाही. जमिनीची मालकी पहिल्या प्रकरणात असतच नाही. ती आली तर पुढची प्रकरणे निराळी लिहावी लागतील.

आणखी एक अडचण या साच्यात बसत नाही. नंदुरबार जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. यान ब्रेमन यांनी बार्डोली परिसरातील ऊसतोडीच्या आपल्या अभ्यासात या स्थलांतरितांची दखल १९७० च्या दशकातच घेतली होती. तेथे त्यांची ओळख 'खानदेशी' अशी होते. ज्यांना खानदेशात कोणी खानदेशी म्हणत नाही, त्यांना हे नाव तापीच्या खालच्या खोऱ्यात, परराज्यातल्या फडावर मिळते, आणि मोजणीत तर माणूसही उरत नाही. तोडणाऱ्यांची टोळी 'कोयत्यां'त मोजली जाते. त्या फडांवर रात्री जी गाणी म्हटली जातात ती भिलीत असतात, त्यांत गुजराती शब्द शिरलेले असतात, मुकादमाच्या उचलीचा हिशोब असतो. पदव्युत्तर वर्गातल्या काही विद्यार्थ्यांच्या घरी ती आजही ठाऊक आहेत. ती टिपून घ्यायची झाल्यास ऑक्टोबर ते मे या काळात क्षेत्रकार्य बार्डोलीत करावे लागेल, प्रबंध जळगावला सादर करावा लागेल आणि 'प्रदेश' या रकान्यात काय लिहायचे ते विद्यार्थ्याला स्वतः ठरवावे लागेल.